कोयनेलचा निळा उजेड

कोयनेल म्हटलं की कुणाला हिवताप आठवतो, कुणाला जिभेवरची कडू चव. मला माझे सर आठवतात आणि डोकं तापतं. इतक्या जुन्या गोष्टीवर या वयात तापू नये, असं घरचे म्हणतात. घरच्यांचं म्हणायला काय जातं! त्यांनी ती खोली पाहिलेली नाही.

ती खोली उत्तर कलकत्त्यात, एका जुन्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर होती. खिडक्यांच्या काचांना काळा रंग, त्यावर काळे पडदे, दाराला आतून गोधडीएवढं जाड कापड. पंखा होता, पण तो लावायची मनाई होती, कारण त्याच्या थरथरीने मोजण्याचं यंत्र डुलायला लागायचं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागले होते आणि घामाने भिजलेल्या पातळात, त्या अंधारात बसून उजेड मोजत होते. आमच्या भवानीपूरच्या मराठी मंडळींत मुलीने असं काही करणं म्हणजे चारचौघींना महिनाभर पुरेल एवढा विषय होता.

काम समजायला अवघड नाही. काही पदार्थांवर डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड टाकला की ते स्वतः दिसणारा उजेड देतात. रेणू तो उजेड गिळतो आणि वरच्या पायरीवर चढतो. तिथे थोडा अडखळतो, घेतलेल्यातलं थोडं तिथेच उधळतो आणि उरलेलं उजेडाच्या रूपाने परत देऊन खाली येतो. म्हणून दिलेला उजेड घेतलेल्यापेक्षा नेहमी थोडा कमी जोराचा असतो. जे लगोलग खाली येतात त्यांचा उजेड दिवा बंद करताच जातो, तो फ्लुओरेसन्स. काही रेणू मात्र मधल्याच एका पायरीवर अडकतात. तिथून सरळ खाली यायला त्यांना बंदी असते, म्हणून ते रेंगाळत, चुकतमाकत उतरतात आणि दिवा गेल्यावरही पदार्थ उजळत राहतो, तो फॉस्फोरेसन्स. यांना मराठी शब्दही आहेत म्हणे. ते मला पाठ होत नाहीत.

आमच्या सरांच्या शाबासकीबद्दल माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक बंगाली सहकारी म्हणायचा, "फॉस्फोरेसन्स आहे, दीदी. दिवा विझल्यावर येते." मी त्या वेळी हसले होते.

सर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्यांना खलनायक ठरवील. पांढरंशुभ्र धोतर, पंजाबी म्हणजे तिकडचा लांब सदरा, वर काळा कोट. बोलताना मला 'मा' म्हणायचे, तिकडे लेकीसारख्या मुलीला म्हणतात तसं. शिकवायचे असं की अंधारात बसून ऐकतानाही रेणू दिसायला लागावेत. दोनच गोष्टी त्यांना सहन व्हायच्या नाहीत. एक, उशिरा येणं. दुसरी, टालाच्या पाण्याबद्दल कुणी वावगं बोलणं.

टाला म्हणजे शहराच्या उत्तरेकडची पाण्याची प्रचंड टाकी, जिच्यातून सगळ्या कलकत्त्याला पाणी येतं. तिचा त्या शहराला अभिमान, आणि आमच्या सरांना तर वडिलोपार्जित जमिनीचा असावा तसा. "टालार जल, मा, टालार जल!" असं म्हणून ते नळाखाली ओंजळ धरायचे. विद्यार्थी असताना त्यांनी ऊर्ध्वपातित पाणी आणि नळाचं पाणी शेजारी शेजारी ठेवून मोजलं होतं, आणि काडीचा फरक आढळला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे शिरस्ता पडला: ऊर्ध्वपातित पाणी महाग आणि थोडं, ते मूळ द्रावणापुरतं वापरायचं. ते पातळ करायला मात्र टालाचं पाणी. त्यांनी ते पौषात मोजलं होतं, एवढंच कुणी लक्षात ठेवलं नव्हतं.

आता कोयनेल कुठे आलं ते सांगते. पदार्थाने किती उजेड गिळला आणि त्यातला किती परत दिला, हे मला काढायचं होतं. ते थेट मोजणं आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून एक माप ठेवायचं आणि त्याच्याशी तुलना करायची. हे माप म्हणजे कोयनेल, पातळ गंधकाम्लात विरघळवलेलं. त्याचा सुरेख निळा उजेड पडतो, आणि घेतलेल्यातला किती भाग ते परत देतं हे मोठमोठ्यांनी काढून ठेवलेलं आहे. मी रोज सकाळी आधी कोयनेल दिव्यासमोर ठेवायची. मोजपट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका ठरलेल्या खुणेवर येईपर्यंत यंत्राची फट उघडायची. मग फट तशीच ठेवून माझा पदार्थ लावायचा, आणि ठिपका किती सरकतो ते पाहायचं. दिवा रोज सारखा जळत नसे, विजेचा दाब खाली-वर व्हायचा, म्हणून ही पद्धत. पद्धत चांगलीच होती. फक्त माप सच्चं हवं.

माझा पदार्थ बेन्झीनमध्ये विरघळवलेला असायचा. त्यात पाण्याचा थेंब नाही. हे ध्यानात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

त्या साली मार्गशीर्षात मला पहिली मापं मिळाली. घेतलेल्यापैकी निम्म्याच्या आसपास उजेड परत येत होता. सर खूश होते. आणि मग पाऱ्याचा दिवा जळून गेला. नवा विलायतेहून यायचा होता, आणि तो बोटीवर बसून आरामात आला. इतर वर्षी आमच्याकडे अंधाऱ्या खोलीचं काम थंडीतच उरकायचं, कारण उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे उकडीच्या मोदकाचा जन्म. त्या वर्षी माझ्यामुळे, म्हणजे दिव्यामुळे, काम फाल्गुनावर गेलं.

त्याच सुमारास बाबांची नागपूरला बदली झाली. ते रेल्वेच्या हिशेब कचेरीत होते आणि निवृत्तीआधी आपल्या मुलखात जायला मिळतंय म्हणून घरात आनंद होता. माझा जन्म कलकत्त्याचा. नागपूर मला लग्नकार्यापुरतं माहीत. मी म्हटलं, मी इथे राहते, भवानीपूरलाच आत्याकडे. बाबा म्हणाले, "शिष्यवृत्ती पुढे चालू राहिली तर राहा. मी आडवा येणार नाही. बंद झाली तर आमच्याबरोबर चल. आत्याच्या घरी नुसतं राहायला म्हणून मी तुला ठेवणार नाही."

न्याय्य बोलणं होतं. शिष्यवृत्ती चालू राहायला सरांचा अहवाल उन्हाळ्याच्या सुटीआधी जायला हवा होता. म्हणजे त्या एका पदार्थाच्या मापावर माझं सगळं टांगलेलं होतं: शहर, काम, खोली, अंधार, सगळं. आणि मला ते सगळं हवं होतं.

फाल्गुनात नव्या दिव्याने मोजलं तर आकडा मार्गशीर्षापेक्षा वर. मी पुन्हा मोजलं. तेवढाच वर. पंधरवड्याने आणखी वर. सर म्हणाले, नवा दिवा आहे, स्थिरावेल. चैत्र लागला आणि आकडा चढतच राहिला. पदार्थ तोच, बाटली तीच, मी तीच. आणि चैत्र संपता संपता एका सकाळी मी हिशेब केला तर उत्तर पूर्णाच्या वर गेलं होतं. म्हणजे माझा पदार्थ जेवढा उजेड घेत होता त्यापेक्षा जास्त परत देत होता. असा दाता त्रिभुवनात नाही. असता तर कलकत्त्याला विजेचे कारखाने लागले नसते.

मी ते सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं यंत्राबद्दल विचारतील. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"मा, सकाळी स्वयंपाक करून येतेस का?"

"कधी कधी."

"हळद?"

हळद म्हणजे या कामातली अवदसा. नखात कणभर राहिली आणि बेन्झीनमध्ये उतरली तरी हिरवट उजेड देते. सरांचं विचारणं शास्त्राला धरून होतं, मी नाही म्हणत नाही. पण ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कधी विचारलं नव्हतं, आणि तो तर माशाचं कालवण खाऊन हात शर्टाला पुसत यायचा.

मग मी हळदीच्या मागे लागले. घरात फोडणीपासून लांब बसू लागले. हात साबणाने, मग स्पिरिटने, मग पुन्हा साबणाने. डोक्याला तेल लावणं सोडलं, कुंकू लावणं सोडलं, केस घट्ट बांधून वर फडकं. आईने ते काही दिवस चालवून घेतलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं, आणि भवानीपुरातलं आमचं ते शेवटचं. सगळ्या बायका येणार, कैरीची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या. आई म्हणाली, "तू हळदीकुंकू लाव, मी अत्तरगुलाबाचं बघते."

"मी हळदीला हात लावणार नाही."

"काय?"

"प्रयोग आहे माझा. हळद चालत नाही."

आईने डाळ वाटायला घेतली आणि पाटा असा काही वाजवला की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात की काय असं वाटलं. त्या दुपारी मी प्रयोगशाळेत होते. मागाहून कळलं की आईने आलेल्या बायकांना सांगितलं, तिला बरं नाहीये. आकडा मात्र त्या दिवशी आणखी थोडा चढला.

आता चीड मला कुणाची येत होती सांगू? माझीच. रात्रंदिवस तेच डोक्यात. दिवा नवा होता, जुना परत लावून बघितला असता पण तो जळालेला. बेन्झीन नवं आणलं. पदार्थ पुन्हा शुद्ध केला. कोयनेलचं द्रावण रोज ताजं करायची, अगदी निगुतीने, आणि शिरस्त्याप्रमाणे टालाचं पाणी घालून पातळ करायची. एक गोष्ट दिसत होती: ठिपका खुणेवर आणायला फट रोज थोडी जास्त उघडावी लागत होती. मी म्हणत होते, दिवा मंद होतोय. जे दिसतं त्याला आपल्या सोयीचं नाव दिलं की माणूस पुढे बघायचा थांबतो.

सरांनी एकदा जवळ उभं राहून मला सगळं करायला लावलं, परीक्षेतल्या मुलीसारखं. मी केलं. उत्तर तेच, पूर्णाच्या वर. ते हळू आवाजात म्हणाले, "तुझी मेहनत मला दिसते, मा. पण काही हातांना हे काम मानवत नाही." आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी सुरईतलं पाणी पेल्यात ओतून घेतलं. ते डमडमला राहायचे, आणि रोज तिथल्या कूपनलिकेचं पाणी मोठ्या बाटलीत भरून आणून सुरईत ओतायचे. टालाचं पाणी ते प्यायचे नाहीत. म्हणजे थंडीत प्यायचे, चैत्र-वैशाखात नाही. का, ते मी पाहत होते आणि पाहत नव्हते.

त्या दिवशी मी घरी आले ती फुरफुरतच. पानावर बसले. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि माझा तोल गेला.

"आई, किती मीठ! तोंडात घालवत नाही."

आई वाढता वाढता थांबली. "मीठ घातलेलंच नाही."

"मग हे काय आहे?"

"तुला माझ्या हाताची हळद चालत नाही, कुंकू चालत नाही. आता मीठही चालत नाही. आणि ते घातलेलं नसताना!" तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आदळला. "पी. पी आणि सांग मला कुणी घातलं ते."

मी पाणी प्यायले. मचूळ, खारट, घशाला चिकटणारं. रोजच पीत होते, सगळं शहर पीत होतं. बाबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे त्यात यायचं, यंदा भरती फार वर चढली म्हणून. ट्राममध्ये लोक महापालिकेच्या नावाने खडे फोडायचे. कलकत्ता समुद्रापासून लांब आहे, पण हुगळीला भरती-ओहोटी आहे. पावसाळ्यात नदी फुगते आणि खाऱ्या पाण्याला हुसकून लावते. पाऊस सरल्यावर ती रोडावत जाते आणि उन्हाळ्यात समुद्र खालच्या अंगाच्या बजबज गावावरून वर सरकत सरकत, शहर ओलांडून, जिथे पाणी उपसतात तिथवर पोचतो. मग तो टालाच्या टाकीत चढतो आणि नळातून आमच्या आमटीत. आणि आमच्या कोयनेलमध्ये.

मला हसू आलं की रडू, आता सांगता येत नाही. मी आईला म्हटलं, "मीठ!" आणि तशीच उठले. आई म्हणाली, "जेवण तरी कर, मेले!" बाबांना वाटलं मुलीचं डोकं फिरलं.

कोयनेलला मिठाचं वावडं आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. गंधकाम्लात ते झळकतं, मिठाच्या तेजाबात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, झळकत नाही. हे आम्ही तोंडपाठ म्हणायचो. त्याचं कारण असं. उजेड गिळून वर चढलेला रेणू क्षणाच्या अगदी क्षुल्लक तुकड्याएवढा वेळ वर थांबतो. तेवढ्यात मिठातला क्लोराइड येऊन त्याला धडकला की संपलं. आपण बोलायला तोंड उघडावं आणि नेमकं कुणीतरी म्हणावं, "चहा टाक ग," तसं. रेणू खाली येतो, पण उजेड न देता. म्हणजे वैशाखात माझं माप मुकं होत होतं. कोयनेल अंधारत होतं, मी फट उघडून त्याचा कमीपणा झाकत होते, आणि त्या उघड्या फटीतून माझा बिचारा बेन्झीनमधला पदार्थ, ज्याला मीठ शिवलंही नव्हतं, भलताच तेजस्वी दिसत होता. तो काही जास्त देत नव्हता. ज्याच्याशी तुलना होती तेच विझत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी धरमतल्यावरच्या मोटारीच्या बॅटऱ्यांच्या दुकानातून ऊर्ध्वपातित पाण्याचा बुधला घेतला. तो मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसले. प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत हे पाणी, एकीत नळाचं, आणि दोन्हींत मीठ ओळखणारे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. बुधल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं. नळाचं ताकासारखं पांढरं झालं. मग बुधल्यातल्या पाण्यात कोयनेल पातळ केलं, दिव्यासमोर लावलं, आणि ठिपका खूण ओलांडून मोजपट्टीच्या बाहेर गेला. मी फट मिटत मिटत आणली, जवळजवळ मार्गशीर्षात होती तेवढी. पदार्थ लावला. उत्तर आलं, निम्म्याच्या आसपास. मार्गशीर्षातलंच.

त्या अंधारात मी एकटीने टाळी वाजवली. इतका आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही.

सरांना मी खोलीत नेलं नाही, उन्हात नेलं. मागच्या पडवीत. बुधल्याच्या पाण्यातलं कोयनेल नळीत घेऊन उन्हात धरलं. काचेच्या कडेशी निळा उजेड पडला, आकाशाचा तुकडा असावा तसा. मी म्हटलं, "सर, बघा." आणि घरून पुडीत आणलेलं स्वयंपाकाचं मीठ चिमूटभर टाकून नळी हलवली. निळं गेलं. साध्या पाण्यासारखं पाणी राहिलं.

सर नळीकडे बघत राहिले. त्यांना समजायला एक वाक्यही लागलं नाही; एवढे हुशार होते ते. त्यांची नजर पडवीतल्या नळाकडे गेली आणि परत आली.

"टालार जल," ते म्हणाले. या वेळी ओंजळ नव्हती.

"हो सर. थंडीत ठीक असतं. थंडीतली सगळ्यांची कामं बरोबर आहेत. फक्त आत्ता—"

"सुंदर, मा. फार सुंदर पकडलंस." त्यांनी नळी हातात घेतली, उन्हात उलटसुलट केली. मग म्हणाले, "पण अहवाल तर गेला."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. मुदत होती."

"काय लिहिलंत?"

ते इकडेतिकडे पाहू लागले. "लिहिलं की मुलगी कष्टाळू आहे. निरीक्षणं मात्र भरवशाची नाहीत."

मी म्हटलं, "मग आता दुसरं लिहा. हे लिहा. मी आत्ता मोजून देते, तुम्ही शेजारी उभे राहा."

"ते विचारतील, मा, की इतकी वर्षं कोणत्या पाण्याने मोजत होता. थंडीतलं बरोबर आहे हे तू म्हणतेस, मी म्हणतो. ते म्हणतील का?" त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, आणि तेच मला अजून सलतं. "आणि तू तर जाणारच आहेस ना, नागपूरला?"

मी जाणार होते कारण त्यांनी तसं लिहिलं होतं, आणि त्यांनी बदलून लिहायचं नव्हतं कारण मी जाणार होते. मी म्हटलं, "सर, तुमच्या सुरईतलं पाणी देता का थोडं?" त्यांनी स्वतः ओतून दिलं. गार होतं आणि गोड होतं. त्या गोडव्याचाच मला संताप आला. पेला मी खाली ठेवला, नमस्कार केला, वाकून केला, कारण सवय. आणि निघाले.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "वरच्याच्या शेऱ्यावर शेरा नसतो," ते म्हणाले. जन्म कचेरीत काढलेला माणूस, दुसरं काय म्हणणार. भडकली ती आई. हळदीकुंकवाचा राग ती विसरली होती, किंवा तो तिने सगळाच्या सगळा तिकडे वळवला. "पाणी खारं हे अख्ख्या गावाला ठाऊक. आणि दोष माझ्या लेकीच्या हाताला? बोलाव त्याला जेवायला. चांगली आमटी वाढते, आपल्या नळाच्या पाण्याची!" सामान बांधून झालेल्या त्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, ते आईच्या या बोलण्यावर.

ज्येष्ठात आम्ही हावड्याहून निघालो. पाऊस अजून लांब होता. पुढच्या वर्षी त्या सहकाऱ्याकडून कळलं की प्रयोगशाळेत आता सगळं ऊर्ध्वपातित पाण्याने करतात, सरांची सक्त ताकीद आहे. का, ते कुणाला सांगत नाहीत. मला त्याचा तो विनोद आठवला, पण या वेळी हसू आलं नाही. दिवा विझल्यावर येणारा उजेडसुद्धा निदान त्याच पदार्थाचा असतो. इथे माझं नावसुद्धा नव्हतं.

नागपूरला मी मुलींच्या कॉलेजात शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. संशोधन राहिलं ते राहिलंच. लोक म्हणत, किती छान शिकवता, बाई. मी बरं म्हणायची. दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुलींना उन्हात न्यायची, कोयनेलची नळी धरायची, निळा उजेड दिसला की त्या "अय्या!" म्हणायच्या. मग मी पुडीतलं मीठ टाकायची. निळं गेलं की कुणीतरी विचारायचीच, "बाई, उजेड गेला कुठे?"

"कुठे जाणार? शक्ती नाहीशी होत नाही. त्याची उष्णता झाली. इथेच आहे, पाण्यात."

एका वर्षी एक चुणचुणीत मुलगी पुढे आली, माझ्या हातून नळी घेतली, तळव्यात घट्ट धरून पाहिली आणि म्हणाली, "गरम तर लागत नाही, बाई."

"नाही लागत," मी म्हटलं. "पण असते."